यीस्टच्या प्लेटांवर सारखी बुरशी येते आणि गाइड म्हणतात, 'तुझा हातच खराब आहे.' काय करू?

आधी एक सांगा, तुमच्या लॅबमध्ये कूलर आहे का? असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. तो बंद करा आणि नव्या प्लेटा, म्हणजे यीस्टच्या खाद्याची जेली भरलेल्या बश्या, ओता.

नसेल तर वाचा. उत्तर लांबणार आहे, कारण हे 'हात खराब' प्रकरण माझ्याही घशात वीस वर्षांहून जास्त अडकलंय.

२००३ चा मे महिना, इंदूर. बिजली-सडक-पानीच्या नावावर निवडणूक लढली गेली ते वर्ष. लाइट कधी जाईल याचा नेम नसायचा. माझं एम.एस्सी.चं डिझर्टेशन यीस्टच्या पेटिट म्युटंटवर होतं. विषय जुनाच, एफ्रुसी नावाच्या शास्त्रज्ञाने १९४९ मध्येच पॅरिसमध्ये बसून दाखवलेला: ग्लुकोजवर काही कॉलन्या बुटक्या राहतात आणि ग्लिसरॉलवर त्या उगवतच नाहीत, कारण त्यांचं मायटोकॉन्ड्रियाचं काम बिघडलेलं असतं. ग्लुकोज आंबवून पेशीचं भागतं, ग्लिसरॉल आंबवता येत नाही. मी इथिडियम ब्रोमाइड हे रसायन देऊन मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए पळवायचा आणि पेटिट मोजायचे, एवढंच. मला तो विषय फार आवडायचा. मायक्रोस्कोपही न लावता, नुसत्या डोळ्यांनी कॉलनी बघून पेशीच्या आत काय मोडलंय ते कळायचं.

पण ग्लिसरॉलच्या प्लेटा पाच-सहा दिवस ठेवाव्या लागतात. यीस्ट त्यावर हळू वाढतं, बुरशीला मात्र कसली घाई नसते आणि कसला त्रासही नसतो. तिसऱ्या दिवशी इन्क्युबेटर उघडला की एक काळा ठिपका. पाचव्या दिवशी प्लेटभर काळी भुकटी. आणि मी रेप्लिका काढत होते मखमलीने, म्हणजे एका प्लेटवरच्या कॉलन्यांचा ठसा मखमलीवर घेऊन दुसऱ्या प्लेटांवर उमटवायचा. ही युक्ती लेडरबर्ग नवरा-बायकोची, १९५२ ची. मी मखमल आणली एम.टी. क्लॉथ मार्केटमधून, दुकानदार विचारत होता, "ब्लाउज़ के लिए, दीदी?" एका प्लेटवर बुरशीचा एक ठिपका असला की त्या मखमलीच्या ठशाने पुढच्या सगळ्या प्लेटा गेल्या.

सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "हाथ सेट नहीं है तुम्हारा।" सर मराठीच, घरी गेले की मराठी बोलणार, पण लॅबमध्ये रागवायचं ते हिंदीत. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ज्युनियर मुलींसमोर.

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. रामबागेतल्या आमच्या घरी आजी दर उन्हाळ्यात कैरीचं लोणचं घालायची, आणि श्रावणापर्यंत बरणीत वर पांढरी साय धरली की आईकडे बघून म्हणायची, "हिच्या हाताला लोणचं टिकत नाही." त्यात कावळा शिवलेला असताना बरणीच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, हे वेगळंच. आई निमूट ऐकून घ्यायची. आता मला माहीत आहे की ती साय म्हणजे मीठ सोसणारं यीस्ट, त्याला वरून हवा मिळाली आणि थोडं पाणी शिरलं की ते पसरतं. तेलाचा थर बोटभर वर असेल तर त्याचं काही चालत नाही. आजी पळी विसळून तशीच ओली बरणीत घालायची, हे मी लहानपणी शंभरदा पाहिलंय. तेच कारण होतं हे मी सिद्ध केलेलं नाही. पण आईचा हात दोषी आहे हे आजीने तरी कुठे सिद्ध केलं होतं?

तर एका रविवारी मी चपराश्याकडून लॅबची किल्ली घेतली. एक डझनावर कोऱ्या प्लेटा ओतल्या, दोन दिवस तशाच ठेवून स्वच्छ आहेत याची खात्री केली, मग झाकणं काढून पंधरा-पंधरा मिनिटं ठेवल्या. प्रत्येक ठिकाणी तीन. खिडकीत, लॅमिनारच्या (गाळलेल्या हवेचा झोत सोडणाऱ्या कामाच्या कपाटाच्या) आत कूलर बंद असताना, लॅमिनारच्या तोंडाशी कूलर चालू असताना, आणि थेट कूलरसमोर. शिवाय लॅमिनारमध्ये कूलर बंद ठेवून एका प्लेटवर नुसता माझा हात धरून बसले, धुतलेला, स्पिरिट चोळलेला. पंधरा मिनिटं हात तसा धरून बघा कधी, खांदा गळून पडतो.

तीन दिवसांनी मोजलं. लॅमिनारमध्ये कूलर बंद असताना तिन्ही कोऱ्या. कूलर चालू केल्यावर त्याच लॅमिनारच्या तोंडाशी पाच, सात, चार कॉलन्या. कूलरसमोर एकेचाळीस, अडतीस, सत्तेचाळीस, त्यातली बरीचशी काळी अस्परजिलस बुरशी आणि थोडी हिरवी. खिडकीतल्यासुद्धा कूलरपेक्षा कमी होत्या. माझ्या हाताखाली एक कॉलनी, तीही जिवाणूची. बुरशी नाही.

विचार केला तर सरळ आहे. कूलरच्या खसच्या जाळ्या म्हणजे ओलं गवत, त्यावर एप्रिल-मेची सगळी धूळ. बुरशीला आणखी काय लागतं? वर पंखा. अस्परजिलसचा बीजाणू तीन-चार मायक्रॉनचा, हवेत तासन्‌तास तरंगतो. लॅमिनारचा फिल्टर तो अडवतो, पण तिथली हवा सेकंदाला अर्ध्या मीटरच्याही आत चालते. कूलरच्या झोतापुढे तो हवेचा पडदा फाटतो. बाहेरची हवा सरळ प्लेटवर.

कूलरचं तोंड सरांच्या खुर्चीकडे होतं, हे सांगायचं राहिलंच. लॅमिनार त्याच रेषेत, खुर्चीच्या मागे.

मी प्लेटा टेबलावर मांडल्या. सरांनी त्या नीट बघितल्या, दोन उचलून उजेडात धरल्या आणि म्हणाले, "गर्मी में कूलर तो चलेगा।" मी पहाटे सहाला येऊन कूलर सुरू होण्याआधी काम उरकायला लागले. कंटॅमिनेशन थांबलं. डिझर्टेशनच्या शेवटी मी त्या मोजणीचा तक्ता जोडला होता, तो त्यांनी काढायला लावला. म्हणाले, "ये रिसर्च नहीं, शिकायत है।"

आता तुमचं. प्लेट वाचायला शिका, ती पत्ता सांगते. बुरशी तुम्ही यीस्ट ओढलेल्या रेघांवरच उगवत असेल तर स्टॉकच, म्हणजे ठेवणीतलं यीस्टच, खराब आहे. रेघांबाहेर, कुठेही उगवत असेल तर हवा. आगरच्या, म्हणजे त्या जेलीच्या, आत रुतलेली दिसली तर मीडियम ओतण्याआधीच गेलेलं होतं. पावलं उमटावी तशी ओळीने कॉलन्या आल्या तर माइट, म्हणजे अगदी बारीक किडे, फिरतायत. पावसाळ्यात हे होतं, इन्क्युबेटर रिकामा करून पुसा. दर खेपेला दोन प्लेटा न वापरता तशाच ठेवा. आणि ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करायच्या भांड्याच्या) टेपवर काळे पट्टे आले म्हणजे निर्जंतुक झालं असं नसतं, टेपला गरम लागलं एवढंच त्यावरून कळतं. मध्येच लाइट गेली असेल तर १२१ अंशांची पंधरा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजा.

औषध घालून सुटका होणार नाही. क्लोरॅम्फेनिकॉलने जिवाणू जातील, पण बुरशी मारणारं काही घातलं तर यीस्टही मरेल, ते बुरशीच्याच कुळातलं. आणि कृपा करून फ्लेमिंगच्या प्लेटवर बुरशी आली आणि पेनिसिलिन सापडलं ही गोष्ट कोणाला सांगू नका, माझ्या व्हायवात तीच सांगून माझी समजूत काढली होती.

हां, हेही सांगायला हवं की कधी कधी हात खरंच खराब असतो. झाकण पूर्ण काढून टेबलावर उपडं ठेवणं, लूप (यीस्ट उचलायची तार) गार होण्याआधी बोलत बसणं. मला ग्लोव्हज घातलेल्या हाताने केस मागे सारायची सवय होती, ती एका ज्युनियरने पकडली. पण तेही मोजूनच कळतं. मी आता एका नमकीनवाल्याकडे क्वालिटी बघते. पाकिटात बुरा निघाला की तिथेही पहिला प्रश्न हाच, पॅकिंगला कोण बसली होती? मी ओलावा आणि सीलिंग तपासून येईपर्यंत कोणाला तरी रडवून झालेलं असतं.

तुमच्या गाइडशी वाद घालू नका. कोऱ्या प्लेटा ठेवा, एक त्यांच्या खुर्चीजवळही ठेवा, आणि तक्ता डिझर्टेशनमधून काढायला लावला तर झेरॉक्स काढून ठेवा. माझी अजून आहे, लोणच्याच्या डागासकट.

आणि सर, तुम्ही हे वाचत असाल तर: कूलरसमोर सत्तेचाळीस, माझ्या हाताखाली एक.