वाचकांचे प्रश्न : विमानाने जाणारा माल कोणाच्या पदरात काय टाकतो?

हवाई वाहतुकीच्या फायद्यांबद्दल आम्ही प्रश्न मागवले, तेव्हा तिकिटांविषयी जास्त पत्रं येतील असं वाटलं होतं. आली ती मात्र बागायतदारांची, विद्यार्थ्यांची आणि परदेशातल्या मुलांना खाऊ पाठवणाऱ्या आईवडिलांची. याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. त्यातले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

नाशिकची द्राक्षं बोटीने जातात, मग हापूसला विमान कशाला? आणि अमेरिकेला आंबा पाठवायचा तर नेमकं काय काय करावं लागतं?
— आंबा बागायतदार, देवगड तालुका

द्राक्ष शून्य ते एक अंश तापमानाला, पेटीत ग्रेप गार्डचा (बुरशी रोखणारा वायू सोडणारा) कागद घालून, कित्येक आठवडे टिकतं. म्हणून ते रीफर, म्हणजे आतून थंड ठेवलेल्या कंटेनरमधून आरामात रॉटरडॅमला पोचतं. हापूसला ही थंडी सोसत नाही. तापमान बारा-तेरा अंशांच्या खाली फार काळ राहिलं की साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. तेरा अंशांवर ठेवावं, तर दोन-तीन आठवड्यांत ते पिकून जातं. अमेरिकेचा समुद्रप्रवास साधारण तेवढाच किंवा त्याहून लांब. बोटीने नेण्याचे प्रयोग झाले आहेत आणि ते चालूच राहायला हवेत, पण सध्या हा धंदा विमानावर उभा आहे.

आता कामाचा क्रम. फळ चौदा आणे तयार, म्हणजे जवळपास पूर्ण वाढलेलं पण न पिकलेलं असावं, उन्हं चढायच्या आत नूतन झेल्याने (फळ देठासकट काढणाऱ्या सुधारित झेल्याने) उतरवावं. देठ मोडला की चीक सालीवर ओघळतो. त्याचा डाग लगेच दिसत नाही, दिसतो तो डबा तिकडे उघडल्यावर. उतरवलेलं फळ उन्हात पडू देऊ नका. त्याने साक्याचं, म्हणजे गर आतून पांढरट-स्पंजासारखा होण्याचं प्रमाण वाढतं, आणि साका बाहेरून कळत नाही.

नोंदणीकृत पॅकहाउसमध्ये ५२ अंशांच्या पाण्यात सोडियम हायपोक्लोराइट घालून फळं तीन ते पाच मिनिटं बुडवतात, सुकवतात आणि प्रतवारी करून तीन-साडेतीन किलोच्या डब्यांत भरतात. डब्याच्या प्रत्येक भोकाला बारीक जाळी हवी. पुढच्या प्रक्रियेनंतर एखादी फळमाशी आत शिरली, तर सगळी मेहनत वाया गेली म्हणून समजा.

मग विकिरण, म्हणजे किडी निकामी करण्यासाठी फळांवर किरणांचा मारा, लासलगावला किंवा वाशीला. फळमाशी आणि कोयीतला भुंगा यांच्यासाठी अमेरिकेने किमान ४०० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रा ठरवली आहे. ताज्या फळांसाठी तिथली कमाल मर्यादा १००० ग्रे आहे. हे अंतर ठेवावंच लागतं, कारण थप्पीच्या आतल्या डब्याला ४०० मिळेपर्यंत बाहेरच्या डब्याला बरीच जास्त मात्रा बसलेली असते. डबे वेडेवाकडे भरले, फळं दाटीवाटीने कोंबली, तर हा फरक वाढतो आणि बाहेरच्या फळांची साल भाजल्यासारखी होते. या वेळी अमेरिकी कृषी खात्याचा निरीक्षक जागेवर लागतो. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे निरीक्षक येऊ शकले नाहीत आणि दोन्ही हंगामांत अमेरिकेचा बाजार बंद राहिला. तो २०२२ मध्ये पुन्हा उघडला. युरोपचे आणि जपानचे नियम वेगळे आहेत: युरोपसाठी ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटं, जपानसाठी उष्ण बाष्पाची प्रक्रिया. एका देशासाठी तयार केलेला माल ऐन वेळी दुसरीकडे वळवता येत नाही.

यानंतरची जोखीम कागदांची. मे २०२५ मध्ये विकिरण झालेल्या आंब्यांच्या १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाच्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. कारण होतं प्रक्रियेच्या कागदपत्रांतली त्रुटी. परत आणणं परवडत नव्हतं, म्हणून माल तिथेच नष्ट करावा लागला. माल विकिरण केंद्रातून हलवण्याआधी खेपेचा क्रमांक, डब्यांची संख्या, मात्रेची नोंद आणि निरीक्षकाची सही प्रत्येक कागदावर जुळते की नाही, हे दोन माणसांनी वेगवेगळं तपासावं.

विमानतळावरचा सर्वांत घातक काळ म्हणजे शीतगृहातून बाहेर काढलेलं पॅलेट (डबे रचलेली फळी) विमानाशेजारी थांबतं तो. मे महिन्यातल्या मुंबईत अर्धा-पाऊण तास उन्हात गेला, तर आधीच्या सगळ्या गारव्यावर पाणी पडतं. उष्णतारोधक आच्छादन मागून घ्या, त्याचे पैसे वेगळे पडले तरी चालतील. शिवाय प्रवासी विमानात प्रवाशांच्या बॅगांना पहिला मान असतो. वाऱ्यामुळे इंधन जास्त भरावं लागलं, तर आधी माल उतरवतात. म्हणून त्याच दिवशी मागून दुसरं विमान असेल असाच मार्ग निवडा. भाडं हंगामाप्रमाणे हलतं आणि बागेतल्या दराच्या बरोबरीला सहज येतं. डब्यातलं एक नासकं फळही त्या भाड्याने गेलेलं असतं, हे प्रतवारी करणाऱ्या बायामाणसांना आवर्जून सांगा.

फराळाच्या डब्याचं वजन घरच्या काट्यावर चार किलो भरलं, कुरिअरवाल्याने सात किलोच्या वर पैसे लावले. ही फसवणूक आहे का?
— वाचक, डोंबिवली

बहुतेक वेळा नाही. विमानात वजन संपण्याआधी जागा संपते, म्हणून वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त त्यावर भाडं लागतं. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणा. कुरिअर कंपन्या त्या गुणाकाराला बहुधा ५००० ने भागतात, हवाई मालवाहतुकीत साधारणपणे ६००० ने. तुमचा खोका ४० × ३० × ३० असेल, तर ३६,००० भागिले ५०००, म्हणजे ७.२ किलो. त्यावर पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत आकडा वर नेतात. खोक्याचा फुगलेला कडा एक सेंटिमीटरने बाहेर आला, तरी तो मापात धरला जातो.

नुसत्या चिवड्याचा खोका कधीच परवडत नाही. तळाला लाडू, बर्फी आणि शंकरपाळे असे जड जिन्नस, त्यावर चिवड्याच्या चपट्या पिशव्या, सगळ्यात वर ताठ डब्यात चकल्या, असं भरलं की खरं वजन आणि आकाराचं वजन जवळ येतात. अमेरिकेला पाठवत असाल तर आणखी एक गोष्ट बघा. तिथे ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून उठली आहे. भेटवस्तूंना काय नियम लागतो, हे खोका बंद करण्याआधी कुरिअरवाल्याकडून लेखी घ्या.

विमानं श्रीमंतांसाठी उडतात. गरीब देशांतल्या कष्टकऱ्याला त्यातून काय मिळतं?
— निवृत्त शिक्षक, सांगली

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर केनियाच्या नैवाशा सरोवराकाठी मिळतं. तिथला गुलाब कापल्यावर लगेच पाण्यात आणि मग दोन ते चार अंशांच्या खोलीत जातो. तिथून ट्रकने नैरोबीचा विमानतळ, रात्रीचं विमान आणि शेवटी अ‍ॅम्स्टरडॅमजवळच्या आल्समीरचा फुलबाजार. केनियात या धंद्यावर एक लाखाहून जास्त लोक थेट कामाला आहेत, त्यांत बायका मोठ्या संख्येने. समुद्रकिनारा शेकडो किलोमीटर दूर आणि फूल काही दिवसांचं सोबती. विमान नसतं, तर ही मजुरी तिथे उभीच राहिली नसती.

हे अवलंबित्व किती नाजूक आहे, ते २०१० च्या एप्रिलमध्ये दिसलं. आइसलंडमधला एयाफ्यालायोकूल ज्वालामुखी फुटला आणि युरोपचं बहुतेक आकाश जवळजवळ आठवडाभर बंद राहिलं. ज्वालामुखीची राख इंजिनाच्या तापलेल्या भागात वितळते आणि पात्यांवर काचेसारखी जमते. १९८२ मध्ये जावाजवळ एका जम्बो विमानाची चारही इंजिनं अशीच बंद पडली होती, त्यामुळे बंदी योग्यच होती. पण नैरोबीची शीतगृहं भरून गेली, फुलं फेकावी लागली आणि हजारो मजुरांना तात्पुरतं घरी बसवलं गेलं. त्या फुलांचा विमा कोणाकडे होता आणि मजुरीचा कोणाकडे नव्हता, हा प्रश्न आम्हाला अजूनही महत्त्वाचा वाटतो.

प्रदूषणाचाही हिशेब द्यायला हवा, कारण त्याच मालाला विमान जहाजाच्या कित्येक पट कार्बन सोडतं. तरी निष्कर्ष घाईने काढू नये. ब्रिटनच्या क्रॅनफील्ड विद्यापीठाने २००७ मध्ये १२,००० गुलाबांमागचा हिशेब मांडला. केनियाच्या फुलांचा कार्बन डायऑक्साइड विमानासकट सुमारे २,२०० किलो भरला, तर नेदरलँड्समधल्या तापवलेल्या, दिवे लावलेल्या हरितगृहांतल्या फुलांचा सुमारे ३५,००० किलो. घरी ऊन आणि मातीत सहज येणारी वस्तू विमानाने आणणं मात्र आम्हाला समर्थनीय वाटत नाही.

श्रीमंतांच्या तिकिटाचा गरिबाच्या मालाशी संबंध असतो तो विमानाच्या पोटातून. मालदीवला पर्यटक घेऊन आलेली विमानं परतताना पोटात ताजा ट्यूना मासा घेऊन जातात. जगातला साधारण निम्मा हवाई माल कोविडपूर्वी असा प्रवासी विमानांतूनच जात होता. मार्च २०२० मध्ये प्रवासी थांबले, तशी ही जागाही नाहीशी झाली, भाडी कडाडली, आणि त्याच वेळी मास्क आणि औषधं सगळ्यांना एकदम हवी होती. पुढे २४ फेब्रुवारी २०२१ रोजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेले सहा लाख डोस घानाची राजधानी अक्राला उतरले. गरीब देशांना लस पोचवणाऱ्या कोव्हॅक्स या आंतरराष्ट्रीय योजनेची ती पहिली खेप. ही लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते, आणि ती गोठली तरी निकामी होते. म्हणून लसीच्या पेटीत फ्रीजरमधून काढलेला कडक बर्फ थेट लावत नाहीत, आधी तो पाझरू देतात. उष्णतेची काळजी सगळे घेतात, गारठ्याची कमी.

हवाई वाहतुकीमुळे जगात ८ कोटी ६५ लाख रोजगार आहेत, असं वाचलं. हा आकडा उत्तरपत्रिकेत लिहावा का?
— स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

लिहा, पण कशाचा आहे ते सांगून. तो आकडा एअर ट्रान्सपोर्ट अ‍ॅक्शन ग्रुप या विमान उद्योगाच्याच संघटनेचा, २०२३ सालचा आहे. सोबत ४.१ लाख कोटी डॉलरचं योगदान, म्हणजे जागतिक उत्पन्नाच्या ३.९ टक्के. यात विमान कंपन्या, विमानतळ आणि विमान कारखाने यांतले थेट रोजगार सुमारे १ कोटी १६ लाख आहेत. बाकीच्यांत पुरवठादार, या सगळ्यांच्या पगारातून होणाऱ्या खरेदीवर चालणारी दुकानं आणि विमानाने येणाऱ्या पर्यटकांवर चालणारा व्यवसाय मोडतो. विमानं नसती तर हे सगळे बेकार झाले असते, असा त्याचा अर्थ नाही. काही पर्यटक रेल्वेने गेले असते, काहींनी तो पैसा गावातच खर्चला असता.

आम्हाला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो: जगाच्या व्यापारातला मूल्याने सुमारे ३५ टक्के माल विमानाने जातो आणि आकारमानाने एक टक्काही नाही. मोबाइलचे सुटे भाग, औषधं, बंद पडलेल्या कारखान्याला लागणारा एखादा पंप असा हा माल असतो. त्याच्यामागे भारतात येणारा पैसाही मोजा. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी सुमारे १२९ अब्ज डॉलर घरी पाठवले. आखातात कामाला जाणारा माणूस आज विमानानेच जातो-येतो, पण ही कमाई वरच्या आकड्यात धरलेली नाही.

विमानाने पाठवलेला माल खराब पोचला, तर भरपाई किती आणि कशी मागायची?
— भाजी निर्यातदार, जुन्नर

भारताला आणि बहुतेक देशांना १९९९ चा माँट्रियल करार लागू आहे. माल ताब्यात मिळाल्यापासून १४ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते, उशिराबद्दल २१ दिवसांत. प्रवासी बॅगेच्या नुकसानीला ७ दिवसच आहेत. तोंडी सांगितलं आणि पावतीवर शेरा न मारता माल उचलला, तर तो चांगल्या स्थितीत मिळाला असं धरलं जातं. दावा दोन वर्षांत कोर्टात दाखल व्हायला हवा.

भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून किलोमागे २६ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक असून तो एका डॉलरपेक्षा जास्त भरतो. भाजीसाठी ही मर्यादा पुरते. महागड्या मालासाठी एअर वेबिलवर (हवाई मालाच्या पावतीवर) मूल्य जाहीर करून जादा शुल्क भरा किंवा वेगळा विमा घ्या.

नाशिवंत मालाच्या दाव्यात खरी अडचण पुढे असते. नुकसान मालाच्या मूळ दोषामुळे झालं, असं सिद्ध करून कंपनी सुटू शकते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक खेपेत एक तापमान नोंदवणारं छोटं यंत्र. ते वरच्या थरात न ठेवता पॅलेटच्या मधल्या पेटीत ठेवा, शीतगृहात असतानाच सुरू करा आणि त्याचा क्रमांक पॅकिंग यादीत लिहा. माल घेणाऱ्याला आधीच कळवून ठेवा की पेट्या फोडण्यापूर्वी फोटो काढायचे, यंत्रातली नोंद त्याच दिवशी मेलने पाठवायची आणि खराब माल पाहणी होईपर्यंत टाकून द्यायचा नाही.