आमच्या व्यसनमुक्ती समूहात एक ज्येष्ठ सदस्य सगळं स्वतःच ठरवतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (ए. ए., दारू सोडणाऱ्यांची आपसातली संघटना) बारा परंपरांना, म्हणजे समूह चालवायच्या तत्त्वांना, धरून यावर मार्ग कसा काढावा? त्यांना समूहातून काढता येतं का?

काढता येत नाही. तिसरी परंपरा वाचा. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच अट आहे सदस्य व्हायला. स्वभाव चांगला असावा अशी अट कुठंही नाही. असती तर मलाही कुणी आत घेतलं नसतं.

तुम्ही लिहिलंय की बारा-तेरा जणांचा समूह आहे, खोलीची किल्ली आणि जमा पैसे त्या ज्येष्ठांकडेच असतात, मिटिंगला अध्यक्ष कोण बसणार तेही तेच ठरवतात. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता एक ओळ टाकलीय, की दोन तरुण सदस्य महिनाभर आलेले नाहीत. मला झोप लागली नाही ती या शेवटच्या ओळीनं. आमच्याकडं सांगलीत २०१९ ला हेच झालं होतं आणि आम्हीही ती गोष्ट अशीच शेवटाला ठेवली होती.

नाव सांगत नाही, कारण तुम्हाला माहीतच आहे. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे एवढं पुरे. मला पहिल्या मिटिंगला हाताला धरून आणलं ते तात्यांनी. (हे खरं नाव नाही.) एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस, तेव्हा चौदा वर्षं सोबर, म्हणजे दारूला न शिवलेला. माझी बायको माहेरी गेली होती, मी तीन दिवस अंथरुणातून उठलो नव्हतो, आणि हा ओळखीपाळखीचा नसलेला माणूस माझ्या स्वयंपाकघरात जाऊन चहा करत होता. दूध नव्हतंच. कोरा चहा, साखर भरपूर, आणि कप माझ्या हातात न देता स्वतः धरून त्यांनी मला पाजला, कारण माझे हात थरथरत होते. पुढं जे सांगणार आहे ते वाचताना हा कप डोळ्यापुढं ठेवा. मी तात्यांविरुद्ध बोलणार आहे, पण हे विसरून बोलणार नाही.

आमची मिटिंग गावभागात एका संस्थेच्या मागच्या खोलीत भरायची. ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. ओसरल्यावर आम्ही पाच जण खराटे आणि फावडी घेऊन गेलो. कपाट आडवं पडलेलं. पुस्तकांचा लगदा झाला होता, हातात घेतलं की पानं एकमेकांना सोडत नव्हती. पायऱ्या (दारू सोडण्याच्या बारा पायऱ्या) आणि परंपरा छापलेले दोन कापडी फलक चिखलात सापडले, ते नळाखाली धुऊन गॅलरीत वाळत घातले. सातव्या परंपरेची पिशवी, म्हणजे सदस्य ज्यात आपले पैसे टाकतात ती, खिळ्याला तशीच अडकलेली होती, आत सव्वाशे रुपयांची चिल्लर आणि बोटभर गाळ. ती नाणी मी घरी नेऊन चिंचेच्या पाण्यात घासली.

खोली काही महिने तरी वापरता येणार नव्हती. विश्रामबागेला पाणी चढलं नव्हतं, म्हणून तिकडं एका सदस्याच्या गच्चीवर मिटिंग सुरू केली. पाऊस आला की जिन्यात बसायचं. अशात एका पुढाऱ्यांचा निरोप आला. त्यांचा हॉल आम्ही वापरायचा, भाडं नाही, खुर्च्या आणि पंखे आहेतच, वर पुस्तकांसाठी ५१,००० रुपये रोख. त्या बदल्यात दारावर फक्त एक छोटा फलक, ‘यांच्या सौजन्याने’. ऑक्टोबरात विधानसभेचं मतदान होतं.

तात्या म्हणाले, घेऊया. मी म्हणालो, नाही.

मी तेव्हाही बरोबर होतो आणि आजही तेच म्हणेन. सहावी परंपरा सांगते की समूहाचं नाव बाहेरच्या कुठल्याही उद्योगाला वापरू द्यायचं नाही. सातवी सांगते की आपला खर्च आपण भागवायचा, बाहेरून देणगी घ्यायची नाही. ही कलमं कुणा शहाण्यानं खुर्चीत बसून लिहिलेली नाहीत, ठेच लागून लिहिलेली आहेत. १९३५ ला अमेरिकेत अ‍ॅक्रनला ए. ए. सुरू करणारे बिल आणि डॉक्टर बॉब भेटले, त्यानंतर दोन-तीन वर्षांत ही मंडळी पैशासाठी थेट रॉकफेलर या धनाढ्यापर्यंत पोहोचली होती. त्यांनी ५,००० डॉलर दिले आणि याहून जास्त पैसा तुमचं काम बिघडवेल असं सांगितलं. पुढं १९४८ ला कुणीतरी मृत्युपत्रात १०,००० डॉलर ठेवून गेलं, तेव्हा पैशाची गरज असूनही यांनी ते नाकारले. त्याच्या शंभर वर्षं आधी बाल्टिमोरला वॉशिंग्टोनियन म्हणून दारुड्यांचीच चळवळ होती. १८४० ला सुरू झाली, बघता बघता लाखात गेली आणि राजकारणात आणि बाहेरच्या वादांत शिरून विरून गेली. बारा परंपरा १९४६ ला छापल्या गेल्या आणि १९५० ला क्लीव्हलंडच्या अधिवेशनात मान्य झाल्या, त्या असलं सगळं बघून. आपल्या गावात एखाद्या पक्षाचा फलक दारावर लागला की दुसऱ्या पक्षाचा दारुडा त्या दारातून आत येत नाही. एवढं कळायला अमेरिकेला जायलाही नको.

तात्यांचं म्हणणं मात्र वेगळं होतं. ते मला म्हणाले, “लेका, फुकट मिळतंय ते घे की. उद्या माणूस मरायला लागल्यावर त्याला काय परंपरा वाचून दावणार हाईस?”

याला मी काय केलं? शनिवारच्या मिटिंगमध्ये, नवीन दोघे बसलेले असताना, उभा राहून सहावी आणि सातवी परंपरा मोठ्यानं वाचली. वाचताना तात्यांकडे बघत होतो. सगळ्यांना कळलं. तात्या काही न बोलता चप्पल घालून जिना उतरले.

माझी चूक ती. परंपरा बरोबर होती, वाचायची जागा आणि डोळे चुकीचे होते. तुमच्या समूहात त्या ज्येष्ठांसमोर कुणी परंपरा क्रमांक दोन (‘आपले पुढारी हे विश्वासू सेवक आहेत, ते सत्ता चालवत नाहीत’) वाचून दाखवायच्या विचारात असेल तर त्याला आधी थांबवा. शेअरिंगच्या, म्हणजे आपापले अनुभव सांगायच्या, मिटिंगमध्ये हिशेब काढायचे नाहीत. नवा माणूस तिथं जीव वाचवायला आलेला असतो.

मग कोल्हापूरहून एक जुने सदस्य आले आणि त्यांनी आमची कामकाजाची वेगळी बैठक लावली. तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर असेल तर ते हेच आहे, म्हणून जरा नीट सांगतो. त्यांनी प्रश्न पाटीवर लिहायला लावला, आणि त्यात कुणा माणसाचं नाव येऊ दिलं नाही. ‘तात्यांचा हॉल’ असं एकानं लिहिलं होतं, ते पुसलं आणि ‘बाहेरून मिळणारी जागा आणि पैसे’ असं केलं. त्यानं निम्मा ताप उतरला. मग गोल बसवलं, प्रत्येकानं एकदा बोलायचं, सगळे बोलून झाल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा तोंड उघडायचं नाही. मी अडत दुकानात दिवसभर ओरडून बोलणारा माणूस, मला ते चाळीस मिनिटं गप्प बसणं फार जड गेलं. पण त्याच चाळीस मिनिटांत एक गवंडी सदस्य, जो वर्षभर ‘माझा पास’ म्हणून बसायचा, तो बोलला. हात वर केले तेव्हा आठ विरुद्ध पाच झालं, हॉल नको. मला वाटलं संपलं. कोल्हापूरचे ते सदस्य म्हणाले, थांबा, जे पाच हरले त्यांना आता परत बोलू द्या. आठवडाभर थांबून पुन्हा बसलो. त्या पाचांतल्याच एकानं सुचवलं की एक बालवाडी संध्याकाळी रिकामी असते, तिला भाडं देऊ. महिना ६०० रुपये. आमच्या पिशवीत एका मिटिंगला दीडशे-दोनशे जमायचे, म्हणजे झेपणारं होतं. त्यावर बारा जण एका बाजूला आले. ग्रुप कॉन्शन्स, म्हणजे समूहाचा सामूहिक विवेक, म्हणतात तो हा. आठ-पाचवर उठलो असतो तर निवडणूक जिंकली असती, समूह राहिला नसता.

तुमच्याकडं प्रश्न किल्लीचा आणि पैशाचा आहे. पाटीवर तेवढंच लिहा. सेवेची मुदत सहा महिने ठरवा, किल्ली एकाकडे, पिशवी दुसऱ्याकडे, हिशेब दर महिन्याला मोठ्यानं वाचायचा, आणि हा नियम सगळ्यांना, त्या ज्येष्ठांनाही. ते चिडतील. चौदा-पंधरा वर्षं ज्या माणसानं खोली झाडली, त्याच्याकडून किल्ली मागणं म्हणजे त्याची सोबरायटीच मागितल्यासारखं त्याला वाटतं. म्हणून मागायला एकानं जा, घरी जा, आणि त्यांच्याकडून काय शिकलो ते आधी सांगा. खोटं सांगायची गरज पडणार नाही.

तेरावे तात्या. ते आले नाहीत त्या बाजूला. मिरजेच्या समूहात जायला लागले.

आता ते पोरगं. कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला, तेवीस वर्षांचं, पुराच्या आधी चार महिने सोबर. गच्चीवर दोनदा आलं आणि मग यायचं थांबलं. आम्ही हॉल, फलक, सहावी, सातवी यात इतके गुंतलो होतो की कुणी विचारलंच नाही. ‘येईल, नोकरीत अडकला असेल’, हे वाक्य मी स्वतः बोललेलो आहे. पाचवी परंपरा सांगते की समूहाचं मुख्य काम एकच, अजून त्रासात असलेल्या मद्यपाशीपर्यंत (दारूच्या पाशात अडकलेल्यापर्यंत) निरोप नेणं. ती मी त्या दिवशी वाचली नाही. मला जी दोन हवी होती ती वाचली.

त्याचं काम सुटलं होतं, पिणं सुरू झालं होतं आणि तो जत तालुक्यात आईकडं गेला होता. आम्हाला पत्ताही नव्हता. तात्यांना होता. गणपतीच्या आधी तात्या एसटीनं जतला गेले. इकडं सांगलीत पुराचा चिखल अजून निघत नव्हता आणि तिकडं गावात पाण्याचे टँकर चालू होते. पोरगं त्यांना बघून मागच्या दारानं पळालं. तात्या त्याच्या आईशी बोलून परत आले. पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला, दिवाळी झाल्यावर, पोरगं त्यांच्याबरोबर एसटीत बसून आलं.

तात्या अजून म्हणतात की तुझ्या तत्त्वापायी पोरगं प्यायला लागलं, हॉल असता तर आलं असतं. हे मला मान्य नाही, आणि इथं लिहून ठेवतो. हॉल नसल्यामुळं ते गेलं नाही. त्याला जिन्यात बसायला लाज वाटली नव्हती, ते त्यानं मला स्वतः सांगितलंय. दोन ज्येष्ठ माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालीत हे त्याला तिथं बसून दिसत होतं, आणि घरी बापाचं-काकाचं तेच बघून तो वाढलेला. गेलं ते आमच्या भांडणामुळं. त्यात मी होतो आणि तात्याही होते. फुकटच्या हॉलनं ते भांडण मिटलं नसतं, फक्त त्याला पंखे मिळाले असते.

तर तुमची ती दोन पोरं कुठं आहेत ते आधी बघा. बैठक, पाटी, मुदत हे सगळं पुढच्या आठवड्यात करा. उद्या संध्याकाळी दोघे जण त्यांच्या घरी जा. फोन करू नका, फोनवर सगळे ठीकच असतात. उपदेश करू नका. प्यालेला असेल तर आईला किंवा बायकोला तुमचा नंबर देऊन या, त्यांना अल-अ‍ॅनॉनबद्दल सांगा, घरच्यांसाठी तो वेगळा समूह आहे.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. मी इथं ए. ए.च्या वतीनं बोलत नाही, तसं कुणालाच बोलता येत नाही. प्रत्येक समूह आपल्यापुरता स्वतंत्र आहे, चौथी परंपरा, त्यामुळं आमचे सहा महिने तुमच्याकडं वर्ष असतील तर असू देत. पैसे खरोखर खाल्ले जात असतील, कुणी मारामारी करत असेल किंवा एखाद्या बाईला त्रास देत असेल, तर काढता येत नाही म्हणून गप्प बसू नका. त्या मिटिंगपुरतं बाहेर काढा आणि गरज पडली तर पोलिसांत जा. अनामिकता गुन्हा झाकायला नाही. आणि ती पोरं पीत असतील आणि एकदम बंद करणार असतील, हात फार थरथरत असतील, भास होत असतील किंवा फिट आली असेल, तर मिटिंगला नेऊ नका, दवाखान्यात न्या. जिवावर बेततं ते. मिटिंग नंतर.

त्या दिवाळीनंतरच्या संध्याकाळचं एवढंच सांगतो. मी बालवाडीच्या दारात सतरंजी झटकत होतो. तात्या आणि पोरगं कोपऱ्यावरून चालत आले. पोरगं आत गेलं. तात्या फाटकापाशीच थांबले. मी म्हणालो, “तात्या, या की आत. चहा टाकलाय.” ते म्हणाले, “मिरजेला सातची मिटिंग हाय माझी.” आणि वळले.

बालवाडीची किल्ली या सहा महिन्यांत त्या पोराकडं आहे. हॉलबद्दल तात्यांचं आणि माझं अजून जमलेलं नाही.