गळकं छप्पर आणि मोडायची एफडी

प्रश्न : घरावर 22 वर्षांपूर्वीचे पत्रे आहेत. यंदा दोन ठिकाणी गळायला लागलं. जवळचाच कंत्राटदार म्हणतो, सगळं छप्पर बदला. आठवड्याभरात पूर्ण रक्कम दिलीत तर 5 टक्के सूट. नुसती दुरुस्ती पूर्ण खर्चाच्या 15 टक्क्यांत होईल. हाताशी आहे ती अडीअडचणीसाठी ठेवलेली एफडी. मोडू का?

उत्तर : एवढ्यात नको. आधी कोणाला तरी वर चढवून छप्पर नीट बघून घ्या.

पत्र्याच्या छपराला पाणी बहुतेक वेळा स्क्रूच्या भोकातून लागतं. स्क्रूखालचं रबरी वॉशर उन्हानं कडक होऊन चिरतं. आत शिरलेलं पाणी वाशावरून ओघळत जातं आणि भलतीकडेच ठिबकतं. त्यामुळे अंगणात उभं राहून ‘सगळंच गेलंय’ म्हणणाऱ्याचं मी तरी मनावर घेणार नाही. पत्र्याची चाळण झालीय का? लाकडी वाशात स्क्रू ड्रायव्हर सहज रुततो का? दोन्हींचे फोटो मागा. वासे कुजले असतील तर पुढचं गणित सोडून द्या, तिथे चालढकल करून चालणार नाही.

वासे धड असतील तर हिशेब असा. पूर्ण छपराचा खर्च 100 धरा. ते 25 वर्षं टिकलं तर वर्षाला 4 पडले, असं कंत्राटदार सांगेल. पण त्या 100 वरचं व्याजही बुडतं. ते 7 टक्के धरून कर्जासारखे 25 वर्षांचे सारखे हप्ते पाडले, तर वर्षाचा खरा भार 8.6 होतो. दुरुस्तीचे 15 याच पद्धतीनं मांडले, तर ती दोन वर्षं टिकल्यास वर्षाला 8.3 आणि तीन वर्षं टिकल्यास 5.7. थोडक्यात, दोन पावसाळे निभावले की दुरुस्ती परवडते. दरवर्षी करावी लागणार असेल तर बदललेलं बरं. 12 टक्क्यांनी कर्ज काढलंत तर नव्या छपराचा भार पावणेतेराच्या आसपास जातो.

शिवाय एफडी मोडल्यावर दवाखान्यासाठी काय उरतं, हा प्रश्न आहेच. मी असतो तर आता दुरुस्ती करून घेतली असती आणि छपरासाठी वेगळी आरडी सुरू केली असती.

सवलतीचं म्हणाल, तर 5 टक्के वाचवायला सगळी रक्कम आधी देऊन बसायचं, हा सौदा मला पटत नाही. पैसे पोचले की कामाची घाई फक्त तुम्हाला उरते. थोडा अ‍ॅडव्हान्स द्या, माल दारात आला की पुढचा हप्ता, आणि निदान दहावा हिस्सा एक जोरदार पाऊस होईपर्यंत हातचा राखा. जवळचा माणूस निवडायचा तो याचसाठी, भर पावसात बोलावलं तर येईल म्हणून. गॅरंटी दोन असतात, मालाची कंपनीकडून आणि कामाची कंत्राटदाराकडून. गळती बहुधा कामामुळे होते, तेव्हा दुसरी लेखी हवीच.

आणखी दोघांची कोटेशन घ्या. पत्रे काढल्यावर एखादा वासा खराब निघाला तर त्याचा दर काय, हे कामाआधीच ठरवा. नाहीतर छप्पर उघडं पडल्यावर तो सांगेल तो आकडा. पुढे कधी सगळं छप्पर बदलाल तेव्हा जुन्या पत्र्यांचं भंगार कोणाचं, हेही लिहून घ्या. बरेच जण ते कंत्राटदाराला फुकट नेऊ देतात.