वाचक विचारतात : गूगलचं अपडेट आलं, चौकशी घटली

प्रश्न : अंबड एमआयडीसीत आमचा प्लास्टिक कॅरेटचा कारखाना आहे. गूगलच्या कोअर अपडेटनंतर (शोधाचे निकाल लावण्याच्या पद्धतीतला मोठा बदल) वेबसाइटवरून येणारी चौकशी निम्म्यावर आली. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव, लासलगाव अशी गावागणिक पानं केली होती, तीही दिसेनाशी झाली. वेबसाइट बनवणारे म्हणतात, सगळी नव्याने करू.

उत्तर : नव्याने करण्याची घाई नको. कोअर अपडेट पूर्ण लागू व्हायला दोन-तीन आठवडे जातात. मार्च २०२४ चं तर ५ मार्चला सुरू होऊन १९ एप्रिलला संपलं. तोवर शोधनिकालातले क्रमांक वरखाली होतच राहतात. अपडेट संपल्याची नोंद गूगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर येते. त्यानंतर एक पूर्ण आठवडा जाऊ द्या. मग सर्च कन्सोल या, साइटच्या मालकांसाठी असलेल्या गूगलच्या साधनातल्या परफॉर्मन्स अहवालात तो आठवडा आणि अपडेट सुरू होण्याआधीचा आठवडा समोरासमोर ठेवा.

आधी हंगाम तपासा. टोमॅटोची आवक ओसरली की कॅरेटचा शोधही ओसरतो, त्यात गूगलचा काय दोष? सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांचा हिशेब राहतो, तेव्हा गेल्या वर्षीचा तोच महिना काढून बघा. इम्प्रेशन (शोधनिकालात तुमचं पान किती वेळा दिसलं) घटले पण सरासरी क्रमांक तोच असेल, तर मागणीच कमी आहे. क्रमांक दुसऱ्यावरून चौथ्यावर आला असेल, तर हात लावू नका. चौथ्यावरून तिसाव्याच्या आसपास गेला असेल, तर मात्र दुखणं पानातच आहे.

तुमच्या बाबतीत आमचा संशय गावांच्या पानांवर आहे. मजकूर तोच, फक्त निफाडच्या जागी दिंडोरी. अशा पानांना गूगल ‘डोअरवे’ म्हणतं आणि ती त्याच्या स्पॅम धोरणात थेट बसतात. ती सगळी मोडून एकच पान करा. त्यावर कॅरेटची लांबी-रुंदी-उंची, किती किलो माल मावतो, भरलेले किती थर रचता येतात, टोमॅटोला कोणतं आणि द्राक्षाला कोणतं, कमीत कमी किती नग देता, कोणत्या गावाला किती दिवसांत पोचवता, हे लिहा. फोनवर गिऱ्हाईक हेच तर विचारतं! जुन्या पत्त्यांवरून नव्या पानाकडे ३०१ रिडायरेक्ट द्या, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्या पानावर जाईल. सगळं होमपेजकडे वळवण्याची चूक सर्रास होते, ती टाळा. मजकूर तोच ठेवून वरची तारीख बदलण्यानेही काही साधत नाही.

सुधारणा लगेच दिसेलच असं नाही. काही महिने लागू शकतात, कधी पुढच्या कोअर अपडेटपर्यंत थांबावं लागतं. ‘आठ दिवसांत वर आणतो’ म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.

प्रश्न : वेबसाइटचा वेग वाढवला की क्रमांक परत येतो का? (गंगापूर रोडवरील होमस्टे)

उत्तर : निव्वळ वेगाने नाही. तरी गिऱ्हाईक टिकवायला तो हवाच. मोबाइलवर पानातला मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, बटण दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा आणि मजकूर उड्या मारू नये, म्हणजे सीएलएस (पान उघडताना मजकूर किती सरकतो त्याचं माप) ०.१ च्या आत. होमस्टेच्या साइटवर बहुतेकदा मोबाइलमधले चार-पाच एमबीचे फोटो तसेच चढवलेले असतात. ते १२०० पिक्सेल रुंदीचे, वेबपी या हलक्या फाइल-स्वरूपात करा. बहुतेक फोटो २०० केबीच्या आत बसतात. सर्वांत वरच्या फोटोला लेझी लोडिंग (फोटो गरज पडेल तेव्हाच उतरवण्याची सोय) लावू नका, त्याने तोच उशिरा उमटतो. सर्च कन्सोलमधले वेगाचे आकडे मागच्या २८ दिवसांचे असतात, त्यामुळे आज केलेली दुरुस्ती उद्या तिथे शोधू नका.