भाडेकरू प्लंबरला घरात घेत नाही

प्रश्न : माझा फ्लॅट नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर दिला आहे, अजून चार महिने बाकी आहेत. बाथरूमचं पाणी खालच्या घरात झिरपतंय. सोसायटीचं पत्र मला आलंय. भाडेकरू मात्र प्रत्येक वेळी 'आज नको' म्हणून प्लंबरला दारातूनच परत पाठवतो. माझ्याकडे जादा किल्ली आहे. तो कामावर गेल्यावर दार उघडून दुरुस्ती उरकली तर? किंवा दोन दिवस पाणी तोडलं तर?

उत्तर : दोन्ही करू नका. लायसन्सधारकाला, म्हणजे तुमच्या या भाडेकरूला, घराचा कायदेशीर ताबा मिळत नाही, असा युक्तिवाद आम्ही वकील कोर्टात करतो खरा. पण संध्याकाळी परत आल्यावर 'कपाटातली चेन गेली' असं तो म्हणाला, की तो युक्तिवाद तुम्हाला पोलीस ठाण्यात बसून करावा लागेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गृह-अतिक्रमणाची तक्रार होऊ शकते, ती वेगळीच. पाण्याचं म्हणाल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार सबळ कारणाशिवाय अत्यावश्यक सेवा तोडता येत नाही. पाइप फुटून धो धो पाणी वाहत असेल आणि तुम्ही तासाभरासाठी बाहेरची कळ बंद केलीत, तर गोष्ट निराळी. भाडेकरूला नमवण्यासाठी पाणी बंद करणं हे सबळ कारण नव्हे.

तुमची खरी ताकद त्याच कायद्याच्या कलम २८ मध्ये आहे. आगाऊ सूचना देऊन वाजवी वेळी घराची तपासणी करण्याचा हक्क घरमालकाला आहे, आणि घर लायसन्सवर दिलेलं असलं तरी तो लागू होतो. कलम तपासणीचं आहे, दुरुस्तीचं नाही. म्हणून करार काढून पुन्हा वाचा. दुरुस्तीसाठी प्रवेश देण्याची अट बहुतेक करारांत असते, आपण सही करताना ती वाचत नाही, एवढंच.

आता एक साधी लेखी नोटीस द्या, स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही. गळती कुठे आहे, काम किती तासांचं, कोण येणार ते लिहा. दोन-तीन वेळा सुचवा, त्यात एक रविवार असू द्या. सोसायटीचं पत्र आणि खालच्या छताचे तारखेसह फोटो जोडा. भाडेवाढ किंवा घर सोडण्याचा विषय या नोटिशीत अजिबात नको. 'दुरुस्तीच्या नावाखाली मला काढतायत' ही शंका पुष्कळदा अशा नकारामागे असते. तो नाही का म्हणतो, हे तुमच्या पत्रात नाही. विचारलंत का कधी?

सोसायटीलाही कामाला लावा. दुरुस्तीची गरज पाहण्यासाठी पूर्वसूचना देऊन सदनिकेत येण्याची तरतूद आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, आहे. सचिवांनी पाहणी करून दोन ओळींचा अहवाल दिला, तर तो कोर्टात उपयोगी पडेल. बाथरूमच्या अंतर्गत गळतीचा खर्च मात्र सदस्य म्हणून तुमच्याच माथी.

एवढं करूनही दार उघडलं नाही, तर दुरुस्तीला आडकाठी करू नये असा अंतरिम (अंतिम निकालाआधीचा) आदेश कोर्टाकडे मागा. जिथे लघुवाद न्यायालय आहे तिथे त्यात, नाहीतर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १६ खाली दुरुस्तीसाठी घर रिकामं करून मागता येतं, पण घर रिकामं केल्याशिवाय काम होणारच नसेल तेव्हाच. एका बाथरूमसाठी त्या वाटेला जाऊ नका. मुदत संपूनही तो राहिलाच, तर त्याच अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. त्या काळासाठी करारातल्या लायसन्स शुल्काच्या, म्हणजे भाड्याच्या, दुप्पट रक्कम मागता येते.