खान्देशात घरच्या वाफ्यात बटाटे लावले; पाला मांडीएवढा, बटाटे मात्र गोटीएवढे. काय चुकलं?

तुम्ही लिहिलंय की जळगावात मेथी काढलेल्या वाफ्यात जानेवारीच्या शेवटी बटाटे लावले, शेणखत दिलं, पाणी चुकवलं नाही, आणि एप्रिलमध्ये उपटून पाहिलं तर खाली नुसत्या गोट्या. खत कमी पडलं का, असं विचारलंय. नाही हो, खताचा काही दोष नाही. चुकली ती तारीख.

मी भुसावळचा. पहिल्या वर्षी मीही फेब्रुवारीत लावले होते, कारण टोपलीतल्या बटाट्यांना तेव्हाच मोड आले आणि फेकायला जीव होईना. मोड आले म्हणजे लावायची वेळ झाली, हा समज मला तीन किलो बटाट्यांना पडला.

बटाटा हे मूळ नाही. जमिनीखाली आडव्या गेलेल्या फांदीचं ते फुगलेलं टोक. पानं दिवसभर साखर तयार करतात आणि ती खाली जाऊन पिठाच्या रूपात साठते. रात्र लांब आणि गार असली की झाड साठवायला लागतं. 15 ते 20 अंशांत हे काम झकास चालतं. रात्री उकडायला लागलं की झाडाचा श्वास वाढतो, कमावलेलं तिथेच खर्च होतं आणि उरलेलं पाल्याकडे जातं. दिवस-रात्रीची सरासरी 30 च्या पुढे गेली की कंद धरणं जवळजवळ थांबतं. तुमचं झाड कंद धरायच्या वयात आलं तेव्हा मार्च उजाडला होता. आपल्याकडचा मार्च तुम्हाला सांगायला नको.

म्हणून आपल्यासाठी खिडकी एकच: 1 ते 20 नोव्हेंबर. त्याआधी ऑक्टोबरचं ऊन बेणं कुजवतं. नोव्हेंबरात लावलं की साधारण महिन्याभरात कंद धरायला सुरुवात होते, म्हणजे फुगायचा सगळा काळ डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत जातो आणि फेब्रुवारीत काढणी. जूनमध्ये पुन्हा लावून पाहू का, असंही तुम्ही विचारलंय. खेड-आंबेगावच्या आणि साताऱ्याच्या पठारावर पावसाळी बटाटा होतो, पण तिथली हवा गार आणि पाणी निचरून जाणारं. आपल्या काळ्या मातीत जुलैत बेणं सडेल.

आता माती. तापीकाठची काळी जमीन कापसाला सोनं, बटाट्याला मात्र जड. ओली असली की चिकटते, सुकली की भेगा पडतात, आणि त्या भेगांतून उजेड आत गेला की बटाटा हिरवा होतो. त्याच वाटेने पाकोळीही उतरते. तिची अळी बटाट्यात बोगदे करते. मी कुणाचं तरी ऐकून वाफ्यात चार घमेली वाळू मिसळली. वाफा सुकल्यावर प्लास्टरसारखा टणक झाला, कुदळ टणटण वाजायची. काळ्या मातीत थोडीशी वाळू म्हणजे हेच होणार. नंतर निम्मी माती बाहेर काढली, तिच्याजागी पोयटा (नदीकाठची गाळाची भुसभुशीत माती) आणि पूर्ण कुजलेलं शेणखत भरलं आणि वाफा वीतभर उंच केला. ताजं शेण घालू नका, हुमणी (जमिनीत राहून मुळं खाणारी अळी) येते.

बेणं बाजारातल्या बटाट्याचं चालतं, पण कधी कधी मोड येऊ नयेत म्हणून त्यावर औषध मारलेलं असतं, मग ते नुसतंच बसून राहतं. ओळखीचा शेतकरी असेल तर त्याच्याकडून बेण्याचे किलोभर मागून घ्या. कुफरी पुखराज लवकर येतो, कुफरी ज्योतीही चांगला. (कुफरी हे शिमल्याजवळच्या गावाचं नाव, बटाट्याची केंद्रीय संशोधन संस्था शिमल्यात आहे, त्यामुळे तिच्या वाणांच्या नावापुढे ते लागतं.) कोंबडीच्या अंड्याएवढे बटाटे निवडा आणि लावण्याआधी पंधरा दिवस ओसरीत, ऊन लागणार नाही पण उजेड येईल असे पसरून ठेवा. अंधारात पांढरे लांब मोड येतात आणि हात लागताच तुटतात. उजेडात आखूड, जाड येतात. मोठा बटाटा कापायचाच असेल तर प्रत्येक फोडीला दोन डोळे ठेवा आणि कापलेली बाजू दोन दिवस सावलीत सुकू द्या. कापून लगेच लावलेल्या माझ्या निम्म्या फोडी सडल्या होत्या.

दोन ओळींत दीड-दोन फूट, दोन बटाट्यांत वीतभर, खोली चार बोटं.

झाड वीतभर झालं की बुडाशी माती ओढून भर द्या, पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा. हे टाळलं तर बाकी सगळं केलेलं वाया. रावेरकडचे आमचे पाहुणे केळीची वाळलेली पानं पाठवतात, ती मी वरंब्यावर अंथरतो. भेगा पडत नाहीत आणि पाणीही निम्मं लागतं. पाणी थोडं आणि नेमानं द्या. आधी तहानवून मग एकदम पाजलं की बटाटे तडकतात, वेडेवाकडे होतात. डिसेंबरात ढगाळ हवा आली तर पानांवर पाणी उडवू नका, करपा येतो. डाग पडलेली पानं तोडून लांब टाका.

पाला पिवळा पडू लागला की पाणी बंद. आठ-दहा दिवसांनी एक बटाटा उकरून अंगठ्याने घासून पाहा. साल निघत असेल तर अजून थांबा. गेल्या हिवाळ्यात दोन किलो बेण्याचे मला अकरा किलो मिळाले. फार नाहीत, पण उकडल्यावर वास येतो तो बाजारच्या बटाट्याला नाही.

तुमच्या त्या गोट्या हिरव्या नसतील तर जिरं-लसणाच्या फोडणीत सालासकट परता. हिरव्या असतील तर फेका. त्यातलं विष उकडून जात नाही. बेणं म्हणून मात्र ठेवू नका, मे महिना घरात काढणार नाहीत.

आणि त्या वाफ्यात आता भरताची वांगी किंवा मिरची लावू नका. दोन्ही बटाट्याच्याच कुळातली, रोग तेच. गवार नाहीतर चवळी लावा, ती निघेपर्यंत नोव्हेंबर येतोच.