वाचकांचे प्रश्न : हॉर्मोनचा आकडा एकटा वाचू नका

पिट्युटरी आणि हायपोथॅलॅमसबद्दल या वेळी बरेच प्रश्न आले. त्यांपैकी बहुतेकांबरोबर लॅबचा एखादा रिपोर्ट होता आणि त्यातल्या एकाच आकड्याभोवती पेनाने गोल केलेला होता. निवडक प्रश्नांची उत्तरे देत आहोत.

प्रश्न : शाळेत आम्ही पिट्युटरीला, म्हणजे पीयूषिका ग्रंथीला, सर्व ग्रंथींची राणी म्हणून शिकलो. आता वाचतो की तिच्यावरही हायपोथॅलॅमसचा हुकूम चालतो. मग नेमके कोण कोणाला सांगते?

राणी म्हणण्यापेक्षा तिला मधली अधिकारी म्हणा. पिट्युटरी वाटाण्याएवढी असते आणि तिचे वजन साधारण अर्धा ग्रॅम. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाशी, खोगिराच्या आकाराच्या हाडात ती बसलेली असते. तिच्या वर एका बारीक देठाने जोडलेला मेंदूचा भाग म्हणजे हायपोथॅलॅमस. त्याचे वजन सुमारे चार ग्रॅम.

नाव एक असले तरी पिट्युटरी म्हणजे शेजारी बसलेल्या दोन ग्रंथी आहेत. गर्भात पुढचा भाग तोंडाच्या छतापासून वर सरकतो, तर मागचा भाग मेंदूतून खाली उतरतो. मागचा भाग स्वतः काहीच बनवत नाही. व्हॅसोप्रेसिन आणि ऑक्सिटोसिन ही दोन्ही हॉर्मोन्स हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतात, चेतातंतूंमधून खाली येतात आणि इथे फक्त साठवली जातात. पुढचा भाग मात्र खरा कारखाना आहे. टीएसएच थायरॉइडला, एसीटीएच मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनलला, एलएच आणि एफएसएच बीजांडकोशाला किंवा वृषणाला चालवतात. यांशिवाय ग्रोथ हॉर्मोन आणि प्रोलॅक्टिनही तिथेच बनतात.

या कारखान्याला वरून आज्ञा येते ती देठातल्या खास रक्तवाहिन्यांमधून. हायपोथॅलॅमसचे रक्त हृदयाकडे न जाता आधी थेट पिट्युटरीत उतरते. त्यामुळे आज्ञा देणारे रसायन अत्यल्प असले तरी पुरते. हाताच्या शिरेतल्या रक्तात ते इतके विरळ झालेले असते की नेहमीच्या लॅबमध्ये ते मोजून उपयोग नसतो. ही रसायने हाती लागायलाही म्हणूनच इतका वेळ लागला. रोजे गिलेमां यांनी मेंढ्यांचे आणि अँड्र्यू शॅली यांनी डुकरांचे, असे लाखो हायपोथॅलॅमस वाटून काढले, तेव्हा 1969 मध्ये पहिल्या आज्ञा-हॉर्मोनची, टीआरएचची, रचना कळली. ती निघाली जेमतेम तीन अमिनो आम्लांची! 1977 च्या नोबेलचा अर्धा वाटा या दोघांना मिळाला. उरलेला अर्धा रोझलिन यालो यांना मिळाला, रक्तातली अतिसूक्ष्म हॉर्मोन्स मोजण्याच्या पद्धतीसाठी.

प्रश्न : थायरॉइडची गोळी वाढवून पंधरा दिवस झाले. टी-4 नॉर्मल आले, पण टीएसएच अजून 9 आहे. डोस पुन्हा वाढवावा का?

नाही, घाई करू नका. टीएसएच ही पिट्युटरीची मागणी आहे आणि टी-4, म्हणजे थायरॉक्सिन, हा थायरॉइडचा पुरवठा. पुरवठा घटला की मागणी वाढते, पण सारख्या प्रमाणात नाही. टी-4 निम्म्यावर आले तर टीएसएच ढोबळमानाने शंभरपट होऊ शकते. म्हणून तर टी-4 लॅबच्या मर्यादेत असतानाही टीएसएच आधीच तक्रार करू लागते.

टी-4 चे रक्तातले अर्धे प्रमाण ओसरायला सुमारे सात दिवस लागतात. नवा डोस स्थिरावायला त्यामुळे पाच आठवडे जातात आणि पिट्युटरी त्याच्याही मागून सावरते. डोस बदलल्यावर तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात ती यासाठी. पंधराव्या दिवसाचा टीएसएच म्हणजे जुन्या डोसची शिळी बातमी. ती वाचून डोस वाढवला, तर दोन महिन्यांनी धडधड आणि हातांची थरथर घेऊन परत यावे लागते. (गर्भवतींची गोष्ट वेगळी. त्यांची तपासणी साधारण दर चार आठवड्यांनी होते.)

रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्या, कारण गोळीनंतर काही तास टी-4 तात्पुरते वर चढलेले असते. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर ठेवा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना आणि लॅबला दोघांनाही सांगा. मोठ्या मात्रेतले बायोटिन काही यंत्रांत टीएसएच खोटेच कमी आणि टी-4 खोटेच जास्त दाखवते. तपासणीआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवावे लागते.

नुसता टीएसएच पाहून दुसरीकडेही फसगत होते. पिट्युटरीच आजारी असेल तर टी-4 खाली गेले तरी तिला मागणी वाढवता येत नाही. अशा रुग्णाचा टीएसएच 2 येतो, रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापले जाते आणि माणूस मात्र थकलेला, थंडीने कुडकुडणारा. टी-4 कमी असताना टीएसएच वाढलेले नसणे हाच तिथे दोष. अशा रुग्णाचा डोस टी-4 पाहून ठरवतात, टीएसएच पाहून नव्हे. शिवाय थायरॉइडची गोळी सुरू करण्याआधी त्याचे कॉर्टिसॉल, म्हणजे अॅड्रिनलचे हॉर्मोन, तपासलेच पाहिजे. कॉर्टिसॉलही कमी असेल आणि थायरॉक्सिन आधी दिले, तर चयापचय वाढून उरलेसुरले कॉर्टिसॉलही लवकर संपते आणि रक्तदाब कोसळू शकतो. आधी हायड्रोकॉर्टिसोन (औषध म्हणून दिलेले कॉर्टिसॉल), मग थायरॉक्सिन, हा क्रम चुकवायचा नाही.

प्रश्न : दोन महिने प्रेडनिसोलोन घेतले. आजार बरा झाला, तरी डॉक्टर गोळी एकदम बंद करू देत नाहीत. सवय लागते म्हणून का?

सवय हा शब्द इथे दिशाभूल करतो. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी आज्ञा देणे थांबवतात. एसीटीएच न मिळाल्याने अॅड्रिनलचे कॉर्टिसॉल बनवणारे थर आक्रसतात. गोळी अचानक बंद केली की तिन्ही पातळ्या झोपलेल्या असतात. त्या जाग्या व्हायला आठवडे, कधी महिने आणि क्वचित वर्षही लागते.

तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ रोज 5 मिलिग्रॅमपेक्षा अधिक प्रेडनिसोलोन घेतले असेल, तर ही शक्यता धरूनच चालतात. 40 वरून 10 पर्यंत उतरणे बऱ्याचदा लवकर जमते. खरी कसोटी 5 च्या आसपास लागते, कारण शरीराची रोजची स्वतःची गरज साधारण तेवढ्याच्या आत असते. इथून पुढे मिलिग्रॅम-मिलिग्रॅमने उतरावे लागते. सकाळी आठच्या सुमारास, आदल्या गोळीनंतर 24 तासांनी आणि त्या दिवशीची गोळी घेण्याआधी कॉर्टिसॉल तपासतात. वेळ पाळायचीच, कारण कॉर्टिसॉल सकाळी सर्वांत जास्त आणि मध्यरात्री सर्वांत कमी असते. दुपारी चारला काढलेल्या रक्तावरून काहीच ठरत नाही. डेसिलिटरला 10 मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर यंत्रणा जागी झाली असे मानतात, 5 च्या खाली असेल तर अजून नाही. मधल्या आकड्यांना वाट पाहायची किंवा एसीटीएचचे इंजेक्शन देऊन अॅड्रिनल प्रतिसाद देते का ते पाहायचे.

सांध्यातली इंजेक्शने, मोठ्या मात्रेचा इनहेलर, अंगभर लावलेले तीव्र मलम हेही स्टेरॉइडच. रुग्ण ते सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ती ‘गोळी’ नसते. डोस उतरत असताना ताप आला, दात काढायचा असला किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर डोस तात्पुरता वाढवावा लागतो. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. तिथे हायड्रोकॉर्टिसोनचे 100 मिलिग्रॅमचे इंजेक्शन देतात.

प्रश्न : पाळी अनियमित म्हणून तपासणी केली. प्रोलॅक्टिन 62 आले. मेंदूत गाठ असेल या भीतीने एमआरआय करायचा होता, पण डॉक्टरांनी आधी औषधांची यादी मागितली. उशीर तर होत नाही ना?

डॉक्टरांचा क्रम बरोबर आहे. बाकी हॉर्मोन्सना वरून ‘बनवा’ अशी आज्ञा येते. प्रोलॅक्टिनला मुख्यतः ‘थांबा’ अशी येते आणि ती देणारे रसायन म्हणजे डोपामीन. हा ब्रेक सुटला की प्रोलॅक्टिन वाढते. मळमळीवरची डोम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रामाइड, मानसिक आजारांवरचे रिस्पेरिडोन हे ब्रेक सोडवणारे ओळखीचे गुन्हेगार. (मानसिक आजाराचे औषध मात्र स्वतःहून बंद करू नका.) गर्भधारणा, थायरॉइडची कमतरता, मूत्रपिंडाचा आजार, एवढेच काय, सुई टोचण्याचा ताणही आकडा वर नेतो. म्हणून आधी गर्भचाचणी आणि टीएसएच करतात, मग अर्धा तास शांत बसून प्रोलॅक्टिन पुन्हा. मॅक्रोप्रोलॅक्टिनही तपासून घ्या. तो प्रतिपिंडाला चिकटलेला, निरुपद्रवी पण आकडा फुगवणारा प्रकार आहे.

एमआरआय आधी का नको? कारण काहीही तक्रार नसलेल्या दहांतल्या एका माणसाच्या पिट्युटरीतही बारीकशी गाठ दिसू शकते. ती सापडली की भीती वाढते, उत्तर मिळत नाही. मात्र डोकेदुखी असेल किंवा नजरेच्या दोन्ही कडा अंधारल्या असतील, तर थांबायचे नाही. डोळ्यांच्या नसा पिट्युटरीच्या अगदी वर एकमेकींना ओलांडतात आणि वाढणारी गाठ तिथे दाबते. गाठ मोठी आणि प्रोलॅक्टिन मात्र माफक असेल, तर लॅबला नमुना शंभरपट विरळ करून पुन्हा मोजायला सांगतात. प्रोलॅक्टिन फारच जास्त असेल तर चाचणीच गुदमरते आणि खोटा कमी आकडा देते.

पाळी बिघडते ती एका वेगळ्या कारणाने. हायपोथॅलॅमस जीएनआरएच, म्हणजे एलएच आणि एफएसएच सोडण्याची आज्ञा, साधारण दीड तासाने एकदा, ठोक्यांनी सोडतो. प्रोलॅक्टिन वाढले की हे ठोके मंदावतात. ठोकेच महत्त्वाचे. हेच हॉर्मोन सलग देत राहिले तर पिट्युटरी बधिर होऊन काम थांबवते. प्रोस्टेटच्या कर्करोगात आणि फार लवकर वयात येणाऱ्या मुलांत डॉक्टर ही गोष्ट मुद्दाम वापरतात.

प्रश्न : ‘संपूर्ण हॉर्मोन पॅनल’ वर्षातून एकदा करावे का?

तक्रार नसेल तर नको. ग्रोथ हॉर्मोनचा एकच नमुना तर जवळजवळ निरर्थक. ते मुख्यतः गाढ झोपेत, झटक्यांनी सुटते. दिवसा शून्याजवळ आले तरी काही बिघडलेले नसते. संशय असेल तर आयजीएफ-1 मोजतात. ते ग्रोथ हॉर्मोनच्या सांगण्यावरून बनते आणि दिवसभर फारसे बदलत नाही.

प्रश्न : साखर नॉर्मल, तरी दिवसाला सहा लिटर लघवी आणि न भागणारी तहान. हाही पिट्युटरीचा आजार असू शकतो?

असू शकतो. व्हॅसोप्रेसिन मूत्रपिंडाला पाणी परत घ्यायला लावते. ते कमी पडले की पाण्यासारखी लघवी होते. याला डायबिटीस इन्सिपिडस म्हणत. साखरेच्या मधुमेहाशी गल्लत होऊन रुग्णांचे औषध चुकत असे, म्हणून 2022 मध्ये ‘व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी’ हे नाव सुचवले गेले. आधी 24 तासांची लघवी मोजा. मोठ्या माणसात तीन लिटरच्या वर असेल तर पुढचा तपास. पाणी बंद ठेवून करायची चाचणी घरी करू नका, ती देखरेखीखालीच होते. डेस्मोप्रेसिन, म्हणजे व्हॅसोप्रेसिनची जागा घेणारे औषध, सुरू झाल्यावर धोका उलटा होतो. जुन्या सवयीने पाणी पीत राहिलात तर सोडियम घसरते आणि डोकेदुखी, गोंधळ, झटकेही येऊ शकतात. तहान लागेल तेव्हाच प्या. दोन डोसांच्या मध्ये एकदा भरपूर, फिकट लघवी होऊ देऊन मगच पुढचा डोस घ्यावा का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.